वाशिम जिल्ह्यातील वार्ताहर आणि दूरस्थ पत्रकारिता-प्रशिक्षण : टपालापासून मोफत ऑनलाइन साधनांपर्यंत एक ऐतिहासिक आढावा

१. प्रस्तावना

मराठी पत्रकारितेचा इतिहास हा आपल्याकडे प्रामुख्याने संपादकांचा आणि अग्रलेखांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत 'दर्पण' सुरू केले. तेव्हापासून टिळक, आगरकर, मुकुंदराव पाटील, ना. भि. परुळेकर अशा व्यक्तींभोवती या इतिहासाची मांडणी होत आली. ती योग्यच आहे. परंतु वृत्तपत्र रोज भरते ते केवळ संपादकाच्या लेखणीने नव्हे. तालुक्याच्या गावाहून, बाजारपेठेतून, पंचायत समितीच्या आवारातून बातमी पाठविणारा एक माणूस असतो. त्याचे नाव बहुधा छापले जात नाही. 'आमच्या वार्ताहराकडून' एवढीच त्याची ओळख असते. या माणसाला बातमी लिहिण्यास कोणी शिकविले, असा प्रश्न क्वचितच विचारला गेला आहे.

अलीकडच्या काळात या प्रश्नाला एक तयार उत्तर मिळू लागले आहे. भ्रमणध्वनीवर मोफत उपलब्ध असलेली साधने, ध्वनिचित्रफिती, दूरदृश्य सभा आणि ऑनलाइन अभ्यासक्रम यांमुळे कोणत्याही तालुक्यातील पत्रकाराला घरबसल्या प्रशिक्षण मिळू शकते, असे सांगितले जाते. हे खरे आहे. पण अर्धेच खरे आहे. पत्रकाराला दुरून आणि अल्प खर्चात शिकविणे ही इंटरनेटने आणलेली नवी गोष्ट नाही. मुफस्सल वार्ताहर नेहमी दुरूनच शिकत आला. तो ज्या एका गोष्टीमुळे शिकत असे, ती गोष्ट नव्या साधनांत कितपत उरली आहे, हा खरा प्रश्न आहे. वाशिम जिल्ह्याच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

२. उद्दिष्टे, व्याप्ती व पद्धती

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
(१) मुफस्सल वार्ताहराच्या दूरस्थ शिक्षणाचे टप्पे ऐतिहासिक क्रमाने मांडणे.
(२) मोफत ऑनलाइन साधनांनी या परंपरेत कोणती भर घातली व कोणती उणीव निर्माण केली, याचे परीक्षण करणे.
(३) या कामी जिल्ह्यातील महाविद्यालयांना काय करता येईल, याचा विचार करणे.

निबंधाची पद्धती ऐतिहासिक व विश्लेषणात्मक आहे. 'कार्यरत पत्रकार' ही संज्ञा येथे व्यापक अर्थाने वापरली आहे. १९५५ च्या श्रमिक पत्रकारविषयक कायद्याने ज्याचा मुख्य व्यवसाय पत्रकारिता आहे, अशा नोकरदार पत्रकाराची व्याख्या केली. पुढे तो कायदा २०२० च्या श्रमसंहितेत विलीन करण्यात आला. परंतु तालुक्याचा वार्ताहर या व्याख्येच्या उंबरठ्यावरच उभा राहिला. तो शेती करतो, शाळेत शिकवितो, दुकान चालवितो, वृत्तपत्राची एजन्सी घेतो आणि बातमीही देतो. बातमीचे मानधन नाममात्र आणि जाहिरातीवरील कमिशन हाच त्याचा आधार, ही स्थिती सर्वपरिचित आहे. या निबंधाचा विषय तोच माणूस आहे.

३. वाशिम : जिल्हा, तालुका आणि पुन्हा जिल्हा

वाशिमचे ऐतिहासिक महत्त्व वाकाटककालीन वत्सगुल्म या नावाशी निगडित आहे. पत्रकारितेच्या दृष्टीने मात्र या गावाच्या आधुनिक प्रशासकीय इतिहासाकडे पाहावे लागते. १८५३ मध्ये वऱ्हाड प्रांताचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला. त्या राजवटीत वाशिम, म्हणजे तत्कालीन 'बासिम', हा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ च्या पुनर्रचनेत तो जिल्हा मोडला आणि वाशिम अकोला जिल्ह्यात समाविष्ट झाले. पुढे १ जुलै १९९८ रोजी वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा या सहा तालुक्यांचा वाशिम जिल्हा पुन्हा अस्तित्वात आला.

मधली ९३ वर्षे वाशिमची बातमी ही अकोला जिल्ह्यातील एका तालुक्याची बातमी होती. या काळात विदर्भाच्या पत्रकारितेची केंद्रे अन्यत्र उभी राहिली. नागपुरात गोपाळराव ओगले यांचे 'महाराष्ट्र' १९१४ मध्ये निघाले. यवतमाळ येथे लोकनायक बापूजी अणे यांनी १९१८ मध्ये 'लोकमत' साप्ताहिक सुरू केले. १९४४ मध्ये नागपुरात ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या संपादकत्वाखाली 'तरुण भारत' दैनिक निघू लागले. अकोला आणि अमरावती येथेही वृत्तपत्रे वाढली. वाशिमचा वाचक बाहेर छापलेले वृत्तपत्र वाचत असे आणि वाशिमचा वार्ताहर बाहेरच्या संपादकासाठी लिहीत असे. संपादक व वार्ताहर यांच्यातील हे अंतर वाशिमच्या पत्रकारितेचे मूळ वैशिष्ट्य आहे. प्रशिक्षणाचा प्रश्नही त्याच अंतरातून निर्माण झाला.

जिल्हा निर्माण झाल्यावर कामाचे स्वरूप बदलले. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद आणि पोलीस अधीक्षक कार्यालय ही बातमीची नवी ठिकाणे झाली. पुढे मोठे विषय आले. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २००६ मध्ये पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी विदर्भासाठी ३,७५० कोटी रुपयांचे विशेष साहाय्य जाहीर केले. त्यात समाविष्ट असलेल्या सहा जिल्ह्यांपैकी वाशिम एक होता. २०१८ मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली व तत्कालीन उस्मानाबाद यांच्यासमवेत वाशिमची निवड झाली. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग या जिल्ह्यातून गेला आणि भूसंपादनाचा प्रश्न गावोगावी आला. कृषी पतपुरवठा, आरोग्य निर्देशांक, जमिनीचा मोबदला हे विषय केवळ सभेचा वृत्तान्त लिहून हाताळता येत नाहीत. त्यासाठी कागद वाचावा लागतो, आकडे तपासावे लागतात. २०११ च्या जनगणनेनुसार ११,९७,१६० लोकसंख्येच्या या जिल्ह्यात हे काम मूठभर माणसांवर येऊन पडले.

४. टपाल, तार, दूरध्वनी : न सांगता झालेले शिक्षण

वार्ताहराला कोणी शिकविलेच नाही, असे सामान्यतः मानले जाते. औपचारिक अर्थाने ते बरोबर आहे. परंतु त्याच्या कामाची रीत नीट पाहिली, तर शिक्षणाची एक निश्चित व्यवस्था तेथे दिसते.

टपालाच्या काळात वार्ताहर बातमीपत्र लिहून टपालात टाकीत असे. सावध वार्ताहर कार्बन कागद घालून आपल्या मजकुराची प्रत ठेवीत असे. दोन-चार दिवसांनी वृत्तपत्राचा गठ्ठा येई. तेव्हा तो आपली प्रत आणि छापील बातमी शेजारी ठेवून पाही. चार परिच्छेदांची बातमी सहा ओळींत आली आहे. अध्यक्षांच्या सत्काराचे वर्णन गेले आहे. शेवटी लिहिलेला मृतांचा आकडा आरंभी आला आहे. 'असे समजते' हे शब्द गाळले आहेत किंवा मुद्दाम घातले आहेत. उपसंपादकाने त्याच्याशी एक शब्दही न बोलता त्याला धडा दिलेला असे. बातमी छापलीच नाही, तर तोही धडाच असे. वार्ताहराच्या स्वतःच्या मजकुराला मिळालेले उत्तर, हा या पद्धतीचा गाभा होता.

तारेने निराळी शिस्त लावली. वृत्तपत्रांसाठीच्या तारांना सवलतीचा दर असे आणि अधिकृत वार्ताहराला पैसे न भरता तार पाठविण्याची मुभा मिळे. ते पैसे वृत्तपत्र भरीत असे. पण शब्दागणिक आकारणी असल्यामुळे अनावश्यक विशेषण हे वृत्तपत्राचे प्रत्यक्ष नुकसान ठरे. त्यामुळे कोण, काय, कोठे, केव्हा आणि किती, एवढेच लिहिण्याची सवय लागली. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली; बातमीच्या पहिल्या वाक्याची घडण मात्र तिने मागे ठेवली.

दूरध्वनीने हे उत्तर तात्काळ मिळू लागले. १९८० च्या दशकानंतर एस.टी.डी. केंद्रे तालुक्याच्या गावी आली आणि वार्ताहर रात्री बातमी तोंडी सांगू लागला. लिहून घेणारा उपसंपादक मध्येच अडवीत असे. गावाचे नाव काय? तालुका कोणता? आकडा कोणी सांगितला? पोलिसांत नोंद झाली का? या प्रश्नांची उत्तरे देता आली नाहीत की वार्ताहर दुसऱ्या दिवशी ती आधीच विचारून ठेवीत असे. त्या पाच मिनिटांच्या संभाषणात एका कार्यशाळेएवढे शिक्षण होत असे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

या व्यवस्थेचे गुणगान करून थांबणे मात्र योग्य नव्हे. तिच्यात संपादकाची आवड, जात व वर्गविषयक दृष्टी, शहराचा कल हे सर्व वार्ताहरावर लादले जाई. कोणती बातमी 'बातमी' नव्हे, हेही तो त्याच दुरुस्तीतून शिके. म्हणूनच मुकुंदराव पाटील यांनी १९१० पासून नगर जिल्ह्यातील खेड्यातून 'दीनमित्र' चालविले, ही घटना महत्त्वाची ठरते. शहरातील संपादकाच्या चाळणीवाचून ग्रामीण पत्रकारिता उभी राहू शकते, हे त्यांनी दाखविले. तरीही बहुसंख्य वार्ताहरांच्या वाट्याला जे शिक्षण आले, ते दुरुस्तीतूनच आले.

५. संस्थात्मक शिक्षण आणि मुक्त विद्यापीठ

न्या. ग. स. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या वृत्तपत्र आयोगाचा अहवाल १९५४ मध्ये आला आणि वृत्तव्यवसायाच्या सर्व अंगांची देशपातळीवर चर्चा सुरू झाली. तत्पूर्वीच, १९५२ मध्ये, नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात पत्रकारितेचा विभाग सुरू झाला होता. अमेरिकेतील सिरॅक्यूज विद्यापीठाचे प्राध्यापक रोलंड वूल्झली यांचा त्याच्या उभारणीत वाटा होता. विदर्भात पत्रकारितेचे महाविद्यालयीन शिक्षण पुण्याच्या आधी सुरू झाले, ही नोंद घेण्यासारखी बाब आहे. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमधील विभाग १९६४ मधील आहे. १९६५ मध्ये दिल्लीत भारतीय जनसंचार संस्था स्थापन झाली आणि २०११ मध्ये तिचे केंद्र अमरावतीस आले.

या संस्थांनी विदर्भाच्या पत्रकारितेला मनुष्यबळ पुरविले. परंतु त्या तरुण, पूर्णवेळ विद्यार्थ्यासाठी होत्या. मानोऱ्याचा किंवा रिसोडचा चाळिशीतील वार्ताहर आपले दुकान बंद करून वर्षभर नागपुरास राहू शकत नव्हता. कार्यरत पत्रकाराचा विचार पहिल्यांदा पद्धतशीरपणे झाला तो मुक्त शिक्षणात. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ मध्ये आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले. नाशिकच्या विद्यापीठाने वृत्तपत्रविद्येचे शिक्षण मराठी भाषेत, मराठी पाठ्यपुस्तकांच्या आधारे आणि स्थानिक महाविद्यालयांतील अभ्यासकेंद्रांमार्फत उपलब्ध केले. काम न सोडता शिकण्याची सोय त्यामुळे झाली.

या पद्धतीत स्वाध्यायाला स्थान होते. विद्यार्थ्याने लिहावे, संमंत्रकाने तपासावे, शेरा द्यावा, अशी रचना होती. टपालाच्या काळातील दुरुस्तीच येथे विद्यापीठाच्या चौकटीत आली, असे म्हणता येईल. पण परीक्षार्थी वाढले आणि संमंत्रकाचा वेळ तेवढाच राहिला, तर काय होते, हे आपणा प्राध्यापकांना सांगण्याची आवश्यकता नाही. गुण मिळतात, शेरा राहून जातो.

६. मोफत ऑनलाइन साधनांचा प्रवेश

जगाच्या पातळीवर कार्यरत पत्रकारांना ऑनलाइन शिकविण्याचा प्रयत्न या शतकाच्या आरंभी सुरू झाला. अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात रोझेंटल काल्मन आल्व्हेस यांनी २००२ मध्ये नाइट सेंटर स्थापन केले आणि पुढील वर्षापासून लॅटिन अमेरिकेतील पत्रकारांसाठी ऑनलाइन वर्ग घेतले. हे वर्ग स्पॅनिश व पोर्तुगीज भाषांत होते, म्हणजे शिकणाऱ्याच्या भाषेत होते. २०१२ मध्ये याच केंद्राने हजारोंना एकाच वेळी प्रवेश देणारे मोफत अभ्यासक्रम सुरू केले. दरम्यान २००५ मध्ये पॉइंटर संस्थेचे 'न्यूज युनिव्हर्सिटी' हे संकेतस्थळ उघडले होते.

वाशिमसारख्या जिल्ह्यात या घडामोडींचा लाभ त्या काळी पोहोचणे शक्य नव्हते. पहिला अडसर इंग्रजीचा होता. दुसरा, फारसा चर्चिला न गेलेला अडसर अक्षरांचा होता. २००० च्या दशकात मराठी वृत्तपत्रांचे टंकलेखन 'श्री-लिपी', 'आकृती' यांसारख्या निरनिराळ्या सांकेतिक व्यवस्थांत होत असे. एका कार्यालयातील मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला, तर अर्थहीन चिन्हांची रांग दिसे. युनिकोडचा वापर रुजल्यावरच मराठी मजकूर शोधता, पाठविता आणि सामायिक करता येऊ लागला. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया हा या बदलाचा आरंभीचा पुरावा होय. ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलने मराठीत बोलून टंकलेखन करण्याची सोय दिली. बोटांनी कळफलक न शिकलेल्या पिढीतील वार्ताहराला ही सोय कोणत्याही अभ्यासक्रमापेक्षा अधिक उपयोगी पडली असणार. २०१६ पासून स्वस्त झालेल्या मोबाइल डेटाची जोड तिला मिळाली.

२०१८ मध्ये गूगलने डेटालीड्स, इंटरन्यूज व बूम यांच्या सहकार्याने भारतीय पत्रकारांसाठी प्रशिक्षणजाळे जाहीर केले. इंग्रजीसह सहा भारतीय भाषांत ८,००० पत्रकारांना वर्षभरात प्रशिक्षण देण्याचे उद्दिष्ट त्यात होते आणि त्या सहा भाषांत मराठी होती. आधी निवडक २०० प्रशिक्षक तयार करावेत आणि त्यांनी पुढे इतरांना शिकवावे, अशी योजना होती. खोटी छायाचित्रे ओळखणे, प्रतिमेचा उलट शोध घेणे, जुन्या संकेतस्थळांच्या जतन केलेल्या प्रती पाहणे, नकाशावरून स्थळ पडताळणे ही कौशल्ये त्यातून मराठी पत्रकारांच्या परिचयाची झाली. मुले पळविणाऱ्या टोळ्यांच्या अफवांनी त्याच वर्षी महाराष्ट्रात निरपराधांचे बळी घेतले होते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे पाच भटक्या भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. पडताळणी हा केवळ शहरी पत्रकारितेचा विषय नाही, हे त्या घटनेने दाखविले.

मार्च २०२० मधील टाळेबंदीने उरलेला संकोच संपविला. झूमची मोफत सभा ४० मिनिटांची होती; त्याच वर्षी गूगल मीट सर्वांसाठी खुले झाले. विद्यापीठे, पत्रकार संघटना आणि शासकीय माहिती यंत्रणा यांनी दूरदृश्य व्याख्याने घेतली. व्हॉट्सॲप गट हा वर्ग झाला, फळा झाला आणि सूचनाफलकही झाला. ज्या माणसाला नागपुरास जाणे कधी जमले नाही, तो दिल्लीच्या तज्ज्ञाचे व्याख्यान शेतातून ऐकू लागला. हा लाभ लहान नाही आणि तो नाकारण्याचे कारणही नाही.

७. 'मोफत' या शब्दाची किंमत

तथापि, इतिहासाच्या पार्श्वभूमीवर या साधनांचे परीक्षण केले असता तीन गोष्टी लक्षात येतात.

पहिली गोष्ट अशी की, साधन मोफत असले तरी वेळ मोफत नसतो. टपालाच्या काळातील शिक्षण कामातच मुरलेले होते. त्यासाठी वेगळा तास काढावा लागत नसे. ऑनलाइन वर्ग कामाच्या बाहेर असतो. ज्याला बातमीचे मानधन धड मिळत नाही, त्याच्याकडून स्वतःच्या वेळेत व स्वतःच्या खर्चाने शिकण्याची अपेक्षा केली जाते आणि शिकून आलेल्या कौशल्याचा लाभ वृत्तपत्र घेते. शिक्षणाचा खर्च मालकाकडून कामगाराकडे सरकला, हा या बदलाचा आर्थिक अर्थ आहे. पूर्वी तारेचे पैसे वृत्तपत्र भरीत होते, याचे येथे स्मरण व्हावे.

दुसरी गोष्ट अभ्यासविषयाची. मोफत अभ्यासक्रम कोणीतरी पैसे खर्चून तयार करतो आणि त्याच्या गरजा त्यात उतरतात. तंत्रज्ञान कंपनी स्वतःची साधने शिकविणार, हे स्वाभाविक आहे. त्यामुळे समाजमाध्यमांवरील अफवांची पडताळणी भरपूर शिकविली गेली. पण सात-बारा कसा वाचावा, जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकात अखर्चित निधी कोठे सापडतो, २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज कसा लिहावा, हे मराठीत शिकविणारे थोडे राहिले. २००९ च्या निवडणुकांनंतर महाराष्ट्रात 'पेड न्यूज'चा प्रश्न गाजला व भारतीय वृत्तपत्र परिषदेने त्याची दखल घेतली. वार्ताहराचे उत्पन्न जाहिरातीवर अवलंबून असणे हे या रोगाचे एक मूळ आहे. त्यावर कोणताही ऑनलाइन अभ्यासक्रम औषध देत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. नव्या साधनांनी धडा पोहोचविण्याचा प्रश्न सोडविला. पण दुरुस्तीचा प्रश्न मागे टाकला. शेकडोंना एकाच वेळी शिकविणारा वर्ग प्रश्नावलीचे गुण देतो, प्रमाणपत्र देतो. शिकणाऱ्याने काल पाठविलेली बातमी वाचत नाही. त्याच वेळी वृत्तपत्रातील उपसंपादकांची संख्या घटली आणि व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर जसाच्या तसा पानावर जाऊ लागला. एकच बातमी त्याच चुकीसह अनेक वृत्तपत्रांत दिसते, याचे कारण हेच. पूर्वी कार्बन प्रत आणि छापील बातमी यांत फरक असे व त्या फरकातून वार्ताहर शिके. आता फरकच उरला नाही. आपला मजकूर बदलला गेला नाही म्हणजे तो निर्दोष होता, असा समज होणे साहजिक आहे.

नोव्हेंबर २०२२ नंतर संभाषण करणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आली. शुद्धलेखन, वाक्यरचना व संक्षेप यांत ती वार्ताहराला तात्काळ उत्तर देतात. काही अंशी उपसंपादकाची जागा ती भरून काढतात, हे मान्य केले पाहिजे. परंतु ही साधने नसलेला तपशीलही आत्मविश्वासाने लिहितात आणि त्यांना मंगरूळपीरच्या तलाठ्याकडे जाऊन खात्री करता येत नाही. 'हा आकडा कोणी सांगितला?' हा प्रश्न यंत्र विचारू शकेल. उत्तर खरे की खोटे हे परिसर ओळखणारा माणूसच पारखू शकतो.

८. एक उदाहरण : पीकविम्याचे गणित

वरील मुद्दा स्पष्ट करण्यासाठी वाशिम जिल्ह्यातील मुख्य खरीप पीक असलेल्या सोयाबीनचे उदाहरण घेऊ. २०१६ पासून राबविल्या जाणाऱ्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत उत्पादनावर आधारित भरपाई शेतकऱ्यागणिक ठरत नाही. महसूल मंडळ हा घटक धरून, पीककापणी प्रयोगांतून त्या मंडळाचे सरासरी उत्पादन काढले जाते. ते उंबरठा उत्पादनापेक्षा जितके कमी, त्या प्रमाणात विमा संरक्षित रकमेचा भाग देय होतो. समजा उंबरठा उत्पादन हेक्टरी १० क्विंटल आहे आणि प्रयोगांत ७ क्विंटल निघाले. तर तूट ३ क्विंटल, म्हणजे ३० टक्के. भरपाईही संरक्षित रकमेच्या ३० टक्के. मात्र प्रयोगांत १० क्विंटल निघाले, तर एखाद्या शेतकऱ्याचे शेत पूर्ण बुडालेले असूनही या निकषाने त्याला काही मिळत नाही.

हे गणित ज्याला ठाऊक नाही, तो 'विमा कंपनीकडून शेतकऱ्यांची फसवणूक' असे शीर्षक देऊन निवेदनाची बातमी छापतो. ज्याला ठाऊक आहे, तो विचारतो : पीककापणी प्रयोग कोणत्या गटात झाले? त्या वेळी कोण उपस्थित होते? मंडळाचे उंबरठा उत्पादन किती आणि ते कोणत्या वर्षांवरून काढले? पहिल्या बातमीने संताप व्यक्त होतो. दुसरीमुळे शेतकऱ्याच्या हाती पुरावा येतो.

असे कौशल्य शिकविण्यास महागडे साधन लागत नाही. एक मोफत सामायिक तक्ता, योजनेचा शासननिर्णय आणि अर्ध्या तासाचे दूरध्वनी संभाषण पुरेसे आहे. परंतु ते शिकविणाऱ्याला सोयाबीन, महसूल मंडळ आणि मराठी या तिन्ही गोष्टी माहीत असाव्या लागतात. अमेरिकेतील निवडणुकीच्या आकड्यांवर आधारलेला डेटा पत्रकारितेचा उत्तम अभ्यासक्रमही ही गरज भागवू शकत नाही.

९. महाविद्यालयांची भूमिका

येथे जिल्ह्यातील महाविद्यालयांचा विचार अपरिहार्य ठरतो. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या परिक्षेत्रातील वाशिम जिल्ह्यात वाणिज्य, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, भूगोल, मराठी या विषयांचे अध्यापक आहेत. त्यांच्यापैकी कोणीही पत्रकारितेचा पदवीधर असण्याची गरज नाही. अर्थशास्त्राचा प्राध्यापक टक्केवारीची चूक दाखवू शकतो. राज्यशास्त्राचा प्राध्यापक ग्रामसभेच्या ठरावाचा कायदेशीर अर्थ सांगू शकतो. मराठीचा प्राध्यापक संदिग्ध वाक्य ओळखू शकतो. मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रांत हे काम आपल्यापैकी अनेकांनी स्वाध्याय तपासताना केलेही आहे.

यासाठी सुचविण्यासारखी रचना साधी आहे. प्रत्येक तालुक्यातून पाच-सहा वार्ताहरांचा एक लहान गट असावा. प्रत्येकाने महिन्यातून दोनदा आपली एक बातमी, छापण्यापूर्वी अथवा छापल्यावर, सामायिक दस्तऐवजात ठेवावी. अध्यापकाने कडेला प्रश्न लिहावेत. उत्तर लिहू नये. वार्ताहराने सुधारित मजकूर त्याच ठिकाणी लिहावा, म्हणजे दोन्ही रूपे शेजारी दिसतील. सामायिक दस्तऐवजात जुनी आवृत्ती जतन राहण्याची सोय असतेच. कार्बन प्रतीचे काम मोफत साधन याप्रमाणे पुन्हा करू शकेल. गट लहान ठेवणे मात्र आवश्यक आहे. शंभर जणांचा गट झाला की त्याचा सूचनाफलक होतो.

या रचनेत एक धोकाही आहे. महाविद्यालये ज्या संस्था चालवितात, त्यांचे जिल्ह्याच्या राजकारणाशी व अर्थकारणाशी संबंध असतात. अध्यापकाने वार्ताहराच्या बातमीचे नियंत्रण करू नये, केवळ आधाराची विचारणा करावी, ही मर्यादा पाळली नाही तर शहरातील संपादकाच्या जागी गावातील संस्थाचालक येईल. म्हणून प्रश्न बातमीच्या बाजूविषयी नव्हे, तर पुराव्याविषयी असले पाहिजेत.

१०. निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

(१) मुफस्सल वार्ताहराचे शिक्षण आरंभापासून दूरस्थ होते. १९०५ ते १९९८ या काळात जिल्ह्याचा दर्जा नसलेल्या वाशिमच्या बाबतीत तर ते पूर्णतः बाहेरच्या संपादन-केंद्रांवर अवलंबून होते.

(२) टपाल, तार व दूरध्वनी या तिन्ही साधनांत शिकण्याचा आधार वार्ताहराच्या स्वतःच्या मजकुरावर होणारी दुरुस्ती हाच होता. साधने बदलली, हा आधार टिकला तोवर शिक्षण टिकले.

(३) २००३ नंतरच्या मोफत ऑनलाइन साधनांनी अंतर, खर्च आणि, युनिकोडनंतर, काही प्रमाणात भाषा यांचे अडसर दूर केले. परंतु दुरुस्तीची जागा प्रमाणपत्राने घेतली आणि शिक्षणाचा भार वार्ताहरावर पडला.

(४) स्थानिक विषय जाणणारा वाचक-परीक्षक ही आजची खरी उणीव आहे. ती भरून काढण्याची क्षमता जिल्ह्यातील महाविद्यालयांकडे आहे व त्यासाठी लागणारी साधने खरोखरच मोफत आहेत.

वाशिम जिल्ह्याचा उद्याचा इतिहास लिहिणारा संशोधक आजच्या वृत्तपत्रांच्या पानांकडेच वळणार आहे. गावाचे नाव चुकलेली, आकड्याचा आधार नसलेली, कोणाच्यातरी निवेदनाची नक्कल असलेली बातमी त्याच्या हाती पडली, तर त्याची जबाबदारी एकट्या वार्ताहरावर टाकता येणार नाही. त्याचा मजकूर वेळीच कोणी वाचला नाही, एवढाच त्याचा अर्थ असेल.